टूसॉन: १७७५ च्या कोटाखाली काय दडलंय

अॅरिझोनातल्या टूसॉनला जायचं म्हटलं की सगळे सग्वारो निवडुंगाचेच फोटो पाठवतात, पण मला बघायचा होता तिथला जुना स्पॅनिश किल्ला, प्रेसिडिओ. डाऊनटाऊनमध्ये ऑफिसांच्या बिल्डिंगांजवळ मातीची जाडजूड भिंत आणि कोपऱ्यात एक बुरूज, बस एवढाच. तोही नव्याने बांधून २००७ मध्ये उघडलेला, कारण मूळ भिंतीचा शेवटचा तुकडा १९१८ मध्येच पाडला. तरी जवळून बघा, कच्च्या विटांमधलं गवताचं काड दिसतं, बाहेरून हात लावला तर चटका बसतो आणि आत शिरलं की एकदम गार. आपल्याकडच्या गढीत शिरल्यासारखं वाटलं.

ही जागा २० ऑगस्ट १७७५ ला पक्की केली ह्यूगो ओकॉनरने, माणूस जन्माने आयरिश आणि चाकरी स्पेनच्या राजाची! अपाचे या मूळनिवासी टोळ्यांच्या धाडी रोखायच्या आणि कॅलिफोर्नियाकडे जाणारी वाट सांभाळायची म्हणून दक्षिणेच्या तुबाकमधली शिबंदी पुढच्या वर्षी इथे हलवली, पण कोटाचं काम रेंगाळलं ते रेंगाळलंच. १ मे १७८२ ला अपाचेंनी मोठा हल्ला केला तेव्हासुद्धा कोट अर्धवटच होता, थोडक्यात निभावलं. मग कुठे १७८३ मध्ये तो पुरा झाला, एकेक बाजू साधारण ७०० फूट आणि उंची १०-१२ फूट. आणि पुढे १७९३ पासून काही अपाचे कुटुंबं याच किल्ल्याशेजारी राहायला आली, त्यांना सरकारी रेशन मिळायचं. लढाईच्या गोष्टी सगळे सांगतात, ही शेजाराची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

पण माझे पाय अडले ते आवारातल्या एका खड्ड्यापाशी. उत्खननात किल्ल्याच्या खाली एका जुन्या खड्डाघराचे अवशेष सापडलेत, होहोकाम या इथल्या प्राचीन शेतकरी लोकांचं, हजाराहून जास्त वर्षं जुनं. सांता क्रूझ नदी आता बहुतेक वेळ कोरडीच असते, पण तिच्या काठी मका पिकतोय ४००० वर्षांपासून, आणि स्पॅनिश आले तेव्हा काळ्या टेकडीच्या पायथ्याशी ओओधाम या मूळनिवासी लोकांचं गाव नांदत होतंच. त्यामुळे १७७५ हा शहराचा जन्म म्हणणं मला अजिबात पटत नाही, ती चौकीची तारीख आहे.

सॅन झेवियर देल बाकचं पांढरंशुभ्र चर्च (१७८३ ते १७९७) पण ओओधाम हातांनीच उभं राहिलं, त्याचा एक मनोरा अजून घुमटाविना आहे. पुढे १८२१ ला स्पेन जाऊन मेक्सिकोचं राज्य आलं, १८५४ च्या करारात गाव अमेरिकेला विकलं गेलं, मेक्सिकन सैनिक १८५६ मध्ये निघून गेले, १८८० ला रेल्वे आली. आणि ज्या मेक्सिकन मोहल्ल्यांनी हे गाव जगवलं त्यांच्यावर १९६० च्या दशकाच्या शेवटी बुलडोझर फिरवून कन्व्हेन्शन सेंटर बांधलं, याचा राग येतोच. उरलेल्या बारिओ विएहो या जुन्या मोहल्ल्याच्या रंगीत घरांमधून नक्की फिरा.

त्यानंतर टेकडीखालचं मिशन गार्डन, तिथे ओओधामांचा मका आणि टेपरी बीन्स (वाळवंटात तग धरणारं कडधान्य) एका वाफ्यात, स्पॅनिशांनी आणलेली अंजिरं-डाळिंबं दुसरीकडे, चिनी भाजीवाल्यांच्या बागेचाही वेगळा तुकडा आहे. वार आणि वेळ आधी बघून जा, आणि उन्हाळ्यात गेलात तर सकाळीच उरका.