एक डझन केयी

आज आई अमरावतीहून आली, संध्याकाळी तिला घेऊन भाजी आणायला गेलो तर गाडीवाल्याला म्हणते, "केयी कशी देल्ली रे भाऊ?" मागे दोन पोरी खुदकन हसल्या आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, आई नीट बोल ना. नीट!! हे मी म्हणालो, मी.

पाचवीत पुण्याला आलो तेव्हा वर्गात "मले पानी पायजे" म्हणलो होतो, अख्खा वर्ग हसला, बाईपण हसल्या, मग दहावीपर्यंत माझं नाव 'मले'च. आरशासमोर ण आणि ळ घोटले राव, बाण, बाळ, टिळक.. इतके की आता गावी गेलो की चुलतभाऊ म्हणतात, आले पुनेवाले. गंमत म्हणजे मराठीतलं पहिलं गद्य चरित्र मानतात ते लीळाचरित्र १३ व्या शतकात आमच्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला रचलं गेलं, हे त्याच बाईंनी शिकवलेलं, २ मार्काला.

घरी येईपर्यंत आई गप्प. आत्ता ओट्यापाशी नातीला सोलून देताना हळूच म्हणाली, "केळी घे".. ळ वर जरा अडखळली.