काकूंच्या हॉलमधला घाट

"अरे, तू बसवलेली जमीन उठलीय," फोनवर काकू एवढंच म्हणाल्या. मी विचार न करता नेहमीचं उत्तर दिलं, "ओलं पुसत असाल, काकू." लॅमिनेटच्या, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांच्या जमिनीच्या तक्रारीत बहुतेक वेळा शेवटी पाणीच निघतं, त्यामुळे हे वाक्य माझ्या तोंडात तयारच असतं. पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "फडकं पिळून पिळून माझी मनगटं दुखतात, आणि तू मला पाणी सांगतोस? येऊन बघ."

गेलो. हॉलच्या मधोमध, खिडकीच्या भिंतीपासून तिच्या समोरच्या भिंतीपर्यंत, मीटरभर रुंदीचा उंचवटा आडवा पसरला होता. काकूंच्या नातीने त्याचा घाट केला होता. ती एका बाजूने खेळण्यातली गाडी वर न्यायची आणि माथ्यावरून सोडून द्यायची. मी पाय दिला तर तिथली जमीन दबली आणि हातभर पलीकडे वर आली. लेव्हलची पट्टी माथ्यावर टेकवून मोजलं, तीन सेंटीमीटर.

खाली बसलो आणि सांध्यांवरून बोट फिरवलं. तिथेच माझं पाणी आटलं. लॅमिनेटच्या पोटात एचडीएफ असतं, म्हणजे लाकडाचा बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड. वरच्या थराला पाण्याने फार काही होत नाही, पण सांध्यातून पाणी आत शिरलं की कडा फुगतात आणि प्रत्येक सांध्यावर बोटाला बारीक वरंबा लागतो. तो वाळल्यावरही पुरता बसत नाही. इथे सगळे सांधे काचेसारखे सपाट होते. पट्ट्या धडधाकट होत्या, उठली होती ती अख्खी जमीन. कोब्याच्या ओलीचाही प्रश्न नव्हता. काम सुरू करण्याआधी मी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवला होता आणि त्याखाली थेंबही जमला नव्हता. शिवाय पट्ट्यांखाली फोम आणि त्याखाली प्लास्टिकचा कागद होताच.

मग राहिलं एकच. जमीन कुठेतरी अडकली होती.

लॅमिनेट कोब्याला चिकटवत नाहीत, खिळत नाहीत. पट्ट्या एकमेकींत क्लिक होतात आणि सगळा तुकडा फोमवर सुटा पडून असतो. हवेत दमटपणा वाढला की तो पसरतो, कोरडी हवा आली की आखडतो. म्हणून भिंतीच्या कडेने फट ठेवायची. खोलीच्या रुंदीत मीटरमागे दीड मिलीमीटर असा माझा हिशोब असतो. काकूंचा हॉल सहा मीटर रुंद, म्हणजे नऊ. मी दहा धरले होते. आता तीन सेंटीमीटर उठायला किती लांबी जास्त व्हावी लागते? लोकांना वाटतं, बरीच. प्रत्यक्षात मीटरभराच्या उंचवट्याला दोन मिलीमीटर पुरतात. शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा आणि मांडून बघा.

एका बाजूचं कारण उभ्याउभ्याच दिसत होतं. भिंतीला लागून नवं कपाट आलं होतं, छतापर्यंत. सुताराने त्याच्या बैठकीचे स्क्रू लॅमिनेटमधून आरपार थेट कोब्यात घातले होते. माझा जीव भांड्यात पडला. "काकू, हे बघा, कपाटवाल्याने जमीन जखडून टाकलीय." त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "पण मग ती दुसऱ्या बाजूला का नाही सरकली?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कपाटासमोरच्या भिंतीचं स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी फट झाकणारी पट्टी, पटाशीने हळूच सुटं केलं, आणि फटीत निळं काहीतरी दिसलं. पाचर. पट्ट्या बसवताना फट सारखी राहावी म्हणून आपण भिंतीला लावतो ती प्लास्टिकची पाचर. हातभर पुढे दुसरी. मग तिसरी. शेवटच्या ओळीनंतर त्या काढायच्या आणि मगच स्कर्टिंग लावायचं, हे मी पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. इथलं स्कर्टिंग मात्र मी स्वतः लावलं होतं, अंधार पडत असताना, घाईत. फट ठेवली आणि ती मीच बुजवून आलो. कपाट नसतं तर जमीन त्या बाजूला पसरली असती आणि माझी चूक स्कर्टिंगमागे खुशाल झाकून राहिली असती.

काकूंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "म्हणजे पाणी नव्हतं ना?" दोनदा विचारलं. दोनदा "नव्हतं" म्हणालो.

पाचरी पकडीने एकेक ओढल्या. काही इतक्या दाबल्या गेल्या होत्या की फोडूनच निघाल्या. नववी निघाली तेव्हा हॉलच्या मधून कट् असा आवाज झाला आणि उंचवटा डोळ्यांदेखत बोटभर खाली बसला. मग कपाटाच्या बैठकीभोवतीचं लॅमिनेट मल्टीटूलने दहा मिलीमीटर कापून मोकळं केलं. ती फट झाकायला बीडिंग लावलं, पण कपाटाला. जमिनीला एकही खिळा नाही. भिंतीचं स्कर्टिंगही पुन्हा भिंतीतच ठोकलं.

माथ्यावरच्या एका पट्टीची शेजारच्या पट्टीत अडकणारी जीभ मात्र तुटली होती. कुठल्याही घरात मी उरलेल्या दोन-तीन पट्ट्या ठेवून येतो, कारण नंतर तोच रंग मिळेलच असं नसतं. काकूंनी पलंगाखालून त्या काढून दिल्या. भिंतीपासून तिथपर्यंतच्या ओळी उकलून पट्टी बदलली आणि ओळी परत बसवल्या, तोवर दुपार कलली.

नात सगळा वेळ दारात उभी होती. जमीन सपाट झाली तशी तिने गाडी ठेवून पाहिली. गाडी जागची हलली नाही. तोंड पाडून ती माझ्याकडे बघायला लागली. मी धड राहिलेल्यांतली सगळ्यांत मोठी पाचर तिला दिली आणि तिच्यावर उरलेल्या पट्टीचा एक तुकडा टेकवून दिला. बाकीच्या पाचरी मोजून पिशवीत टाकल्या. फुटलेल्या धरून दहा.