तीन अँप्लिफायर आणि एकच रिमोट वायर: माझा अनुभव

माझ्या गाडीच्या डिकीत तीन अँप्लिफायर आहेत: चारही दारांतल्या स्पीकरसाठी चार चॅनलचा, सबवूफरसाठी (खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरसाठी) मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा, आणि डॅशबोर्डवरच्या ट्विटरसाठी (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरसाठी) जुन्या गाडीतून काढून घेतलेला दोन चॅनलचा. डिकीच्या खोट्या तळाखाली हवा खेळत नसल्यामुळे तिथे दोन पंखेही बसवलेले असून, आतले तापमान वाढले की एक छोटा थर्मल स्विच ते चालू करतो. पुण्यातल्या एका दुकानातून हे सगळे काम करून घेतले होते आणि आवाजाबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. मात्र उन्हाळ्यात लांबच्या प्रवासात, विशेषतः दुपारी, ट्विटर अचानक गप्प होत आणि काही वेळाने आपोआप पुन्हा वाजू लागत.

यावर मला दोन सल्ले मिळाले. एकाने जुना अँप बदलायला सांगितले, तर दुसऱ्याने रिमोट वायर, म्हणजे स्टिरिओपासून अँप्लिफायरपर्यंत जाणारी इशाऱ्याची वायर, जाड टाकायला सांगितली. दुसरा सल्ला पटण्यासारखा वाटतो, पण हिशेब केला की टिकत नाही. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या पाच मीटर वायरीचा रोध एका ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो, त्यामुळे तीनशे मिलिअँपिअर प्रवाह वाहत असला तरी तिच्यात व्होल्टचा जेमतेम तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढा दाब खर्च होतो. एवढ्याने कोणताही अँप बंद पडत नाही.

रिमोट वायर, म्हणजे स्टिरिओच्या मागून निघणारी पांढऱ्या पट्ट्याची निळी वायर, अँप्लिफायरला वीज पुरवण्यासाठी नसतेच. ती फक्त ‘चालू हो’ एवढा इशारा देते. खरी वीज बॅटरीपासून फ्यूजमधून येणाऱ्या जाड केबलमधून येते. हा इशारा देणारा स्टिरिओच्या आतला भाग अगदी नाजूक असतो. माझ्या स्टिरिओच्या माहितीपुस्तिकेत त्याची कमाल मर्यादा ३०० मिलिअँपिअर दिलेली आहे, आणि काही स्टिरिओंमध्ये ती याहूनही कमी असते. म्हणून या वायरीवर नेमका किती भार आहे, हे मोजणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले.

प्रत्येक अँपच्या रिमोट टर्मिनलवरची वायर सोडवून मधे मल्टिमीटर जोडला. चार चॅनलचा अँप ११, मोनोब्लॉक १४ आणि जुना अँप ४६ मिलिअँपिअर घेत होता; तिघांची बेरीज ७१, म्हणजे मर्यादेच्या पाव भागाहूनही कमी. पण त्याच टर्मिनलवरून एक पातळ काळी-लाल जोडवायर पंख्यांकडे गेलेली दिसली. दुकानदाराने पंख्यांना वेगळा पुरवठा देण्याऐवजी ते रिमोट वायरीवरच टांगले होते. पंख्यांचा प्रवाह मोजताना मी मीटरची तार दहा अँपिअरच्या खाचेत घातली, कारण मिलिअँपिअरच्या खाचेतला फ्यूज अनेक मीटरांत जेमतेम २०० मिलिअँपिअरचा असतो. प्रत्येक पंखा सुमारे १९० मिलिअँपिअर घेत होता. पंखे बंद असताना रिमोट टर्मिनलवर ११.८ व्होल्ट मिळत होते. थर्मल स्विच जोडून पंखे फिरवताच तोच आकडा ७.६ वर घसरला. नवे दोन्ही अँप तेवढ्या दाबावरही चालू राहिले, जुना मात्र बंद पडला. दुपारच्या उन्हाशी या बिघाडाचा संबंध होता तो असा.

उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचचा. नाना पेठेतून गाड्यांत सर्रास वापरला जाणारा बारा व्होल्टचा पाच पायांचा रिले आणला आणि तापकीर गल्लीतून १एन४००७ डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग). बॅटरीचे ऋण टोक सोडवून काम सुरू केले. स्टिरिओची निळी-पांढरी वायर ८६ क्रमांकाच्या पायाला आणि ८५ क्रमांकाचा पाय अँप्लिफायरच्याच अर्थ बोल्टला जोडला. डिकीतल्या वितरण ब्लॉकवरून दोन अँपिअरच्या फ्यूजमधून ३० क्रमांकाला वीज दिली. हा फ्यूज ब्लॉकच्या अगदी जवळ हवा, रिलेजवळ नको. ८७ मधून तिन्ही अँपना आणि थर्मल स्विचमार्गे पंख्यांना स्वतंत्र वायरी काढल्या.

रिलेच्या कॉइलचा, म्हणजे ८५ आणि ८६ यांच्यामधल्या तारेच्या गुंडाळीचा, रोध ८८ ओहम भरला, म्हणजे इंजिन चालू असताना तो जवळपास १६० मिलिअँपिअर घेणार. माझ्या स्टिरिओला हे झेपते, पण ज्याची मर्यादा शंभरच आहे अशा स्टिरिओला हाच रिले लावणे धोक्याचे ठरेल. तिथे ४०० ओहम कॉइलचा छोटा रिले घ्यावा. त्याला सुमारे ३० ते ३५ मिलिअँपिअर पुरतात. कॉइलचा पुरवठा तुटताच तिच्यातून उलटा आणि बराच मोठा दाब उसळतो. तो स्टिरिओपर्यंत पोचू नये म्हणून डायोड ८५ आणि ८६ यांच्यामध्ये लावतात आणि त्याची पट्टी असलेली बाजू ८६ कडे ठेवतात. डायोड उलटा बसला तर स्टिरिओ चालू होताच इशाऱ्याची वायर थेट अर्थला जोडली जाते, म्हणून डाग देण्यापूर्वी मी पट्टी पुन्हा तपासून पाहिली.

पाच पायांच्या रिलेत मधला पाय बहुधा ८७ए असतो, आणि रिले बंद असताना ३० ची वीज त्यावर येते. तो उघडा राहून बॉडीला टेकला तर फ्यूज उडेल, म्हणून त्यावर स्लीव्ह चढवून तो झाकला. काही रिलेंत हा पायही ८७ च असतो, त्यामुळे छापील आकृतीवर विसंबण्यापेक्षा मीटर लावून खात्री केलेली बरी.

सगळे जोडल्यावर पंखे चालू असतानाही अँपच्या रिमोट टर्मिनलवर बॅटरीचा पूर्ण दाब मिळाला. गाडी बंद करून आणि दारे लावून बॅटरीच्या ऋण टोकाशी मीटर जोडला, तेव्हा काही वेळाने प्रवाह २४ मिलिअँपिअरवर स्थिरावला, म्हणजे रिले बसवण्यापूर्वी होता तेवढाच.

माझ्या भावाच्या गाडीत कंपनीचाच स्टिरिओ आहे आणि त्याला रिमोट वायरच नाही. तिथे ८६ ची वायर इग्निशनच्या अॅक्सेसरी स्थितीतच जिवंत होणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेतूनच वेगळी वायर काढणारा जोड) लावून घेतली. मात्र स्टिरिओ बंद केला तरी किल्ली फिरवलेली असेपर्यंत अँप चालूच राहतात, हे त्याला आधीच सांगितले. दुसरा मार्ग म्हणजे स्पीकरच्या वायरीवरचा सुमारे सहा व्होल्टचा स्थिर दाब ओळखून स्वतःच चालू होणारा अँप घेणे. अशा काही अँपना पुढच्या अँपसाठी रिमोट आउट दिलेले असते, पण त्यालाही मिलिअँपिअरची मर्यादा असते आणि ती पुस्तिकेत पाहूनच पुढची वायर जोडावी.