शाकोन वाजवताना: खालच्या सुराच्या शोधातले अकरा महिने

बाखची शाकोन व्हायोलिनवर वाजवायला घेण्याआधी मी ती इतक्यांदा ऐकली होती की डोळे मिटून गुणगुणता यायची. तीच अडचण ठरली. गुणगुणताना गळ्यात येते ती वरची धून. पहिले दोन महिने मी व्हायोलिनवरही तीच वाजवत राहिले. खाली जे काही चाललंय ते नुसतं आधाराला आहे, असं धरून.

ज्यांनी ही रचना ऐकली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. एकट्या व्हायोलिनसाठी जर्मन संगीतकार बाखने सहा रचना लिहिल्या, तीन सोनाटा आणि तीन पार्टिटा, म्हणजे नाचांच्या मालिका. त्याच्या स्वतःच्या हातच्या प्रतीवर १७२० साल आहे. डी मायनर या गंभीर वाटणाऱ्या स्वरसप्तकातल्या पार्टिटाचा शेवटचा भाग म्हणजे शाकोन. तीन मात्रांची लय, पण सुरुवात दुसऱ्या मात्रेवर. चार-चार बारचे (बार म्हणजे तीन मात्रांचं एक आवर्तन) तुकडे एकामागून एक येतात, शेवटच्या सुरासकट २५७ बार, साधारण चौदा-पंधरा मिनिटं. दर तुकड्यात खालची चाल पुन्हा येते आणि वर काहीतरी नवं उभं राहतं.

पहिले आठ बार वाजवून दाखवले तेव्हा सरांनी मला थांबवलं. ‘‘वरचं छान आलं. खालचं कुठे गेलं?’’ मला वाटलं, खालचे सूर नीट दाबले जात नसतील. मी पुन्हा वाजवलं, जोर लावून. ते म्हणाले, ‘‘आवाज आला. चाल नाही आली. व्हायोलिन खाली ठेव आणि फक्त खालची ओळ गाऊन दाखव.’’ मला गाता आली नाही. डी, परत डी, सी शार्प, डी, मग खाली बी फ्लॅट, जी, ए आणि पुन्हा डी. आठच पावलं. शेकडो वेळा ऐकलेल्या रचनेचा पायाच मला माहीत नव्हता, हे त्या खोलीत उभं राहून कळलं.

त्या सहा रचनांच्या मुखपृष्ठावर बाखने लिहिलंय की या बासच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, साथीशिवायच्या आहेत. मी त्याचा अर्थ ‘बास नाही’ असा घेतला होता. खरं तर साथीला दुसरं वाद्य नाही, एवढंच तो सांगतोय. बास आहेच, आणि तो त्याच चार तारांमधून काढायचा आहे.

इथे व्हायोलिनची रचना आडवी येते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला वरून गोलाई असते, त्यामुळे चारही तारा एका वेळी बोखाली (गजाखाली) येत नाहीत. दोन सहज येतात, तीन जोर दिला तर क्षणभर. चार सुरांचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, लिहिलेला असला तरी तो मोडूनच वाजवावा लागतो. मी सवयीने खालचे दोन सूर झटकन उडवून वरच्या दोनांवर जाऊन थांबत होते. ऐकणाऱ्याला वरचा सूर लांब ऐकू येतो, खालचा ठेच लागल्यासारखा येऊन जातो. सगळा घोटाळा त्या झटक्यात होता.

पहिलाच कॉर्ड बघा. खाली डी आणि ए, दोन्ही मोकळ्या तारा, वर ई तारेवर पहिल्या बोटाने एफ. मी काय करून पाहिलं ते सांगते. बो डीवर टेकवायचा, लगेच ओढायचा नाही. राळेची पकड तारेला बसली की बोटांना ते जाणवतं. मग कोपर थोडं खाली सोडून डी खरोखर वाजू द्यायचा, आणि तो वाजतोय हे ऐकल्यावरच वर जायचं. मोकळी तार असल्यामुळे बो निघून गेला तरी डी मागे घुमत राहतो. म्हणजे बो वर एफवर असताना कानात खालचा डी अजून शिल्लक असतो. हा एक कॉर्ड मी तीन आठवडे वाजवला. रोज वीस मिनिटं, याशिवाय काही नाही.

जिथे खालचा सूर मोकळ्या तारेवर नाही तिथे मात्र ही युक्ती चालत नाही. बी फ्लॅटवरचं बोट उचललं की सूर मेला. म्हणून बोटं वर सरकतानाही खालचं बोट दाबून ठेवायला शिकावं लागलं. हे मी घाईने केलं आणि चौथ्या महिन्यात डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. दोन आठवडे वाद्य बंद. त्या काळात मी फक्त गायले. खालची ओळ तोंडाने, वरची मनात, मग उलट. माझ्या मते सगळ्यात जास्त काम त्या दोन आठवड्यांत झालं. तुम्ही ही रचना घेणार असाल तर दुखण्याची वाट न बघता आधीच गा.

दुसरं मोठं वळण आलं ते बाखच्या हस्तलिखिताची छापील प्रतिकृती समोर ठेवली तेव्हा. माझ्या पुस्तकातल्या बो कसा ओढायचा त्याच्या खुणा, बोटांचे आकडे, हळू-जोरात वाजवायच्या सूचना, यांतलं बरंचसं संपादकाने घातलेलं होतं. मूळ पानावर जागा खूप मोकळी आहे. ८९ व्या बारपासून तर बाख बराच वेळ कॉर्ड एकावर एक मांडतो आणि ‘आर्पेजो’, म्हणजे कॉर्डचे सूर एकापाठोपाठ एक वाजवा, एवढंच म्हणून सोडून देतो. ते सूर कोणत्या क्रमाने, किती वेळा फिरवायचे हे वाजवणाऱ्याने ठरवायचं. मी सात-आठ नमुने लिहून काढले. ऐकायला झगमगीत होते ते सगळे बाद केले, कारण त्यांत खालचा सूर घाईत सापडायचा. शेवटी ठेवला तो साधा होता: खालून सुरुवात, आणि खालच्या सुराला केसभर जास्त वेळ.

या रचनेबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १७२० च्या उन्हाळ्यात बाख राजपुत्रासोबत परगावी असताना त्याची पत्नी मारिया बार्बारा वारली; तो परतला तेव्हा दफनही झालं होतं. शाकोन म्हणजे तिच्यासाठीचा शोक, असं अनेकजण मानतात. तसा पुरावा कुठे नाही. काही दिवस मी तो शोक मनात धरून वाजवत होते, आणि रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा प्रत्येक कॉर्डवर माझा हुंदका ऐकू येत होता. लय फाटली होती. ती गोष्ट मी बाजूला ठेवली. शेवटी हा नाच आहे, पाय जमिनीवर पडायला हवेत. १३३ व्या बारला मायनर सुटून उजळ वाटणारं मेजर सुरू होतं, तिथे त्या उजेडासाठी वेगळं काही करावं लागत नाही. खालचे सूर बदलतात आणि आपोआप खिडकी उघडते.

जर्मन संगीतकार ब्राम्सने १८७७ मध्ये ही रचना पियानोवर आणली ती फक्त डाव्या हातासाठी. दोन्ही हात मोकळे असताना त्याने एकच वापरला, आणि पियानोवादक मैत्रीण क्लारा शुमानला लिहिलं की अशानेच आपल्याला व्हायोलिनवादक असल्यासारखं वाटतं. हे वाचून मला फार धीर आला. जी अपुरेपणाची जागा मी भरून काढायला बघत होते, ती त्याला हवीशी वाटत होती.

अकराव्या महिन्यात एका छोट्या बैठकीत वाजवली. मेजरमधून मायनरमध्ये परत येताना एक बार घसरला, पण खालची ओळ चालू होती म्हणून परत रस्ता मिळाला. शेवटी वरच्या-खालच्या सगळ्या ओळी एका डीवर येऊन मिळतात. तो डी मी जी तारेवर बोटाने आणि मोकळ्या डी तारेवर, असा दोन्हीकडे एकदम वाजवला. सूर जुळला की दोन तारांमधली थरथर थांबते, एकच आवाज उरतो. त्या दिवशी तो जुळला. बो उचलल्यावर मोकळी डी तार अजून घुमत होती. ती शांत होईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.

गेल्या आठवड्यात आर्पेजोचा नमुना पुन्हा बदललाय. सरांना अजून ऐकवलेला नाही.