कँडीतलं पंचशील

इथे श्रीलंकेत, कँडीत, आमच्या घरमालकीणबाई पोयाला, म्हणजे पौर्णिमेला, पांढरी साडी नेसून विहारात जातात, सिल (शील) पाळतात, दुपारनंतर अन्नाला शिवत नाहीत. परवा त्या निघायच्या वेळी न्हाणीघरात घोण निघाली. मी चप्पल उचलली, तर त्यांनी माझा हात धरला, खराट्यावर तिला अलगद घेतलं आणि कुंपणापलीकडे सोडून आल्या. संध्याकाळी कोरा चहा घेताना २०१८च्या मुस्लिमविरोधी दंगलीचा विषय निघाला. म्हणाल्या, "झालं ते वाईटच. पण त्यांना एकदा समज द्यायलाच हवी होती." भाजी महागली म्हणावं, तसा सूर. मला रात्री झोप लागली नाही.

मार्च २०१८मध्ये इथून जवळच, दिगना परिसरात, काही मुस्लिम तरुणांनी केलेल्या मारहाणीत एका सिंहली ट्रकचालकाचा जीव गेला. मारणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण पेटवल्या गेल्या त्या काडीचाही संबंध नसलेल्यांच्या मशिदी, दुकानं, घरं. आणीबाणी लागली, फेसबुक बंद करावं लागलं. त्याच्या थोडंच आधी अंपारात एका मुस्लिम खानावळीत रश्शात गुठळी सापडली आणि ती नसबंदीची गोळी असल्याची बोंब उठली. गल्ल्यावरच्या माणसाला सिंहली धड येत नव्हतं. जमावाच्या प्रश्नावर त्याने मान डोलावली, आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. सरकारी तपासणीत गुठळी पिठाची निघाली, पण तोवर मशिदीची मोडतोड होऊन गेली होती. सत्तर टक्के बौद्धांच्या देशात दहा टक्क्यांच्या आसपास असलेल्या मुसलमानांची एवढी धास्ती!

"पाणातिपाता वेरमणी सकाळीच म्हणालात ना?" असं, म्हणजे जीवहत्या न करण्याच्या पहिल्या शीलाबद्दल, मी बाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बुद्ध तुमच्या देशातला. तुम्ही नाही राखलात. आम्ही राखला, म्हणून या बेटावर उरला."

इथलं सगळं या एका वाक्यात आहे. धम्म वाचवायचाय म्हटलं की शील बाजूला ठेवायची मुभा मिळते. महावंस या इथल्या प्राचीन पाली बखरीतली दुटुगेमुनू राजाची गोष्ट तीच. युद्धातल्या माणसांच्या संहाराने राजा तळमळतो, तेव्हा अर्हत, म्हणजे निर्वाणाला पोचलेले भिक्खू, त्याला समजावतात, तुझ्या हातून दीडच माणूस मेला: एकाने त्रिशरण घेतलं होतं, दुसऱ्याने पंचशील. बाकीचे जमेस धरायचे नाहीत. १९५९मध्ये पंतप्रधान बंदरनायके भिक्खूपुढे नमस्काराला वाकले आणि त्या भिक्खूनेच त्यांना गोळ्या घातल्या. त्या कटात धंद्याचे हिशेबही होते, पण चीवर पाहून कोणी झडती घेतली नाही, हे विसरता येत नाही.

भीती अगदीच हवेतली नाही, हेही लिहायला हवं. १९८७मध्ये अरंतलावात तमिळ वाघांनी (लिट्टे) कोवळ्या श्रामणेरांची, म्हणजे शिकाऊ भिक्खूंची, कत्तल केली. १९९८मध्ये कँडीतल्या दळदा मंदिरावर, जिथे बुद्धाचा दात जपलाय, त्यांनीच बॉम्बहल्ला केला. पण त्याच वाघांनी १९९०मध्ये कात्तानकुडीच्या मशिदींत नमाज पढणारे शंभरावर मुसलमान मारले होते. मग समज मुसलमानांना कसली?

घरच्या ग्रुपवर बातम्या टाकून "बघा तुमचे शांतताप्रिय बौद्ध" म्हणणाऱ्यांचा मला खरोखर संताप येतो. माझे आजोबा १९५६ला दीक्षाभूमीवर होते. नामांतराच्या वेळी घरं जळली ती आमच्या लोकांची. आम्ही कोणाची जाळली? आपला बुद्ध माणूस म्हणून उभं राहायला मिळाला, इथे तो राज्यघटनेच्या नवव्या कलमात अग्रस्थानी बसलाय. हा फरक मोठा आहे. उद्या आपल्या हाती सत्ता आली तर आपण असे वागणार नाही, असं मला मनापासून वाटतं. बाबासाहेब १९५०मध्ये इथे येऊन गेले, सगळं डोळसपणे पाहून गेले, आणि सहा वर्षांनी स्वतःच्या बावीस प्रतिज्ञा देऊन वेगळी वाट आखली.

इथेही वेगळं बोलणारे आहेत. वटरेका विजित थेरो हे भिक्खू मुसलमानांच्या बाजूने बोलले, तर २०१४मध्ये बोदु बल सेना या कट्टर सिंहली बौद्ध संघटनेने त्यांची पत्रकार परिषद उधळली. त्या सेनेच्या ज्ञानसार थेरोंना न्यायालयाच्या अवमानासाठी तुरुंगवास झाला, २०१९मध्ये राष्ट्रपतींनी माफी दिली आणि २०२१मध्ये ते 'एक देश, एक कायदा' कार्यदलाचे प्रमुख झाले. आमच्या बाईंना ज्ञानसार पाठ आहेत. विजित थेरोंचं नाव त्यांनी माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं.