मुरलेले वादक, नवा बँड

सोमवार

ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं तारवाद्यांवरचं लोकसंगीत, त्याचा बँड उभा करायला निघालेली मंडळी पन्नाशी-साठीची असली की वाजवता येतं का, हा प्रश्नच उरत नाही. अडतं ते दुसरीकडे. पाचही जण पुढे येऊन वाजवणारे, आणि साथीला मागे राहायची सवय मोडलेली. अशा बँडचा विषय निघाला की मला बेथेस्डा आठवतं. वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँडमधल्या या गावात १९७१ साली ‘सेल्डम सीन’ नावाचा बँड जमला. मँडोलिनवर जॉन डफी, ‘कंट्री जंटलमेन’ या नावाजलेल्या बँडमधून बाहेर पडलेला आणि वाद्यदुरुस्ती करणारा. बासवर (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) टॉम ग्रे, तोही पूर्वी त्याच बँडमध्ये होता. दिवसा नॅशनल जिओग्राफिकमध्ये नकाशे करायचा. बँजोवाला बेन एल्ड्रिज गणिती, गिटारवर गाणारा जॉन स्टार्लिंग डॉक्टर, डोब्रोवाला (आडवी धरून, तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवायची गिटार) माइक ऑल्ड्रिज ग्राफिक कलाकार. नोकऱ्या सोडायच्या नाहीत, आठवड्यातून एक रात्र गावातच वाजवायचं, असा त्यांचा बेत होता. पुढे हाच रतीब व्हर्जिनियातल्या बर्चमिअर क्लबमध्ये गुरुवारी चालू राहिला.

मला यातला हिशोब आवडतो. रोज नवं गाव गाठणाऱ्या बँडला तीस गाणी वर्षभर पुरतात. दर आठवड्याला तेच श्रोते समोर असतील तर ती महिन्याभरात शिळी होतात. मग फोक, कंट्री, रॉक, जिथून मिळेल तिथून गाणी आणावी लागतात. सेल्डम सीनचा मोकळा बाज मला तरी या आठवडी बैठकीतून आलेला वाटतो. शिवाय त्यांच्याकडे फिडल (म्हणजे व्हायोलिन) नव्हती. ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या १९४५ ते ४८ मधल्या बँडने मँडोलिन, बँजो, गिटार, फिडल, बास असा साचा घालून दिला होता. इथे फिडलची लांब ओढलेली सुरावट डोब्रोने भरून काढली. आपल्या भागात चांगला फिडलवाला नसेल तर कच्चा माणूस धरून आणण्यापेक्षा हे बरं.

मंगळवार

पट्टी आधी ठरवायची आणि ती गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरवायची, वाजवणाऱ्याच्या सोयीवरून नाही. पुरुष गायक असेल तर ब्लूग्रासमध्ये पांढरी पाच, पांढरी सहा, काळी पाच, पांढरी सात या नेहमीच्या पट्ट्या. मुख्य गाणारा लीड, त्याच्या वर साधारण तिसऱ्या सुरावर टेनर, आणि लीडच्या खाली बॅरिटोन. वय झालं की पहिला जातो तो टेनरचा वरचा सूर. तिशीत पांढरी सातमध्ये गायलेलं गाणं साठीत त्याच पट्टीत धरलं तर टेनर किंचाळतो किंवा सूर खाली सरकतो, आणि त्याच्यामागे लीडही सरकतो.

उपाय दोन. एक म्हणजे सरळ पट्टी उतरवणे. पांढरी सातवरून पांढरी पाचवर आलं की बँजो आणि गिटारचे कापो (सगळ्या तारा एका घरात दाबून पट्टी चढवणारे चिमटे) निघतात, फिडलला मोकळ्या तारा मिळतात; पण पट्टी खाली आल्यामुळे गाणं थोडं फिकं पडतं. दुसरा उपाय ऑस्बोर्न बंधू या ब्लूग्रास गायक-वादकांनी १९५०च्या दशकात रूढ केला. लीड सर्वांत वर, लगेच खाली बॅरिटोन, आणि टेनरची ओळ एक सप्तक खाली. यात वरचा सूर कुणा एकाकडे असला की पुरतो. टेनर थकलेला आणि लीड अजून खणखणीत असेल तर हाच मार्ग धरावा.

तिघांचा मेळ बसत नसेल तर सुरांआधी शब्दांकडे बघावं. शेवटचा ‘स’ किंवा ‘ट’ तिघांनी म्हटला की तीन वेळा ऐकू येतो. तो फक्त लीडने म्हणायचा, बाकीच्यांनी स्वर धरून एकत्र सोडायचा. जुन्या गायकांना हे सांगितलेलं आवडत नाही. रेकॉर्ड करून ऐकवावं, म्हणजे कुणालाच काही सांगावं लागत नाही.

बुधवार

आज बँजो. आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो बँजो म्हणजे कळांचा बुलबुल तरंग. त्याचा इथे संबंध नाही. हा पाच तारांचा, कातड्याच्या जागी मायलारचा पडदा ताणलेला. पांढरी पाचला सा धरला तर चौथी तार मंद्र पंचम, तिसरी सा, दुसरी गंधार, पहिली पंचम. पाचवी आखूड, तार षड्जाची, अंगठ्याने मध्ये मध्ये छेडायची. सतारीची चिकारी डोळ्यांसमोर आणावी. मन्रोच्या त्याच बँडमधला बँजोवाला अर्ल स्क्रग्ज, त्याच्या पद्धतीत अंगठा, तर्जनी, मध्यमा अशी तीनच बोटं चालतात, अंगठ्याला प्लास्टिकची नखी आणि दोन बोटांना धातूच्या.

नव्या बँडच्या पहिल्या तालमीत बँजो बेसूर लागतो तो बहुतेक वेळा कापोमुळे. पांढरी सहासाठी कापो दुसऱ्या घरात लावला की पाचवी तारही एक स्वर चढवावी लागते. त्यासाठी बँजोच्या दांडीत सातव्या घराशी बारीक खिळा ठोकलेला असतो, त्याखाली तार अडकवायची. पांढरी सातला कापो चौथ्या घरात, पाचवी तार नवव्या घराच्या खिळ्याखाली. अडकवताना ती ताणली जाऊन किंचित चढते. खुंटीने उतरवून घ्यायला विसरलं की अख्खं गाणं खरखरतं. कापो घट्ट आवळला तरी तारा चढतात. तो घराच्या धातूच्या पडद्याला (फ्रेटला) अगदी चिकटून आणि आवाज स्वच्छ येईल इतकाच आवळावा.

घोडी सरकलेली असेल तर वरच्या घरांत सूर लागतच नाही. बाराव्या घरातला हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर सारखे यायला हवेत. दाबलेला चढा असेल तर घोडी मागे, तारदानाकडे. उतरता असेल तर पुढे.

बोटं दुखतात हेही उघड बोलावं. मँडोलिनच्या जोडतारा आणि गिटारच्या ०.०१३ इंचाच्या जाड तारा साठीत त्रास देतात. गिटारला ०.०१२चा संच चढवावा. किंवा अख्खं वाद्य अर्धा स्वर उतरवून पहिल्या घरात कापो लावावा. ताण कमी होतो, पट्टी तीच राहते. आवाज जरा लहान होतो खरा, पण संध्याकाळभर टिकणारा हात जास्त मोलाचा.

गुरुवार

लय. या संगीतात ढोल नाही. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, मँडोलिनचा तुटक ठोका दुसऱ्या आणि चौथ्यावर. या दोघांतच तबल्याचं काम वाटलेलं. ठोका देताना डाव्या हाताचा दाब लगेच सोडला नाही तर सूर लांबतो आणि लय चिखलात जाते. नाचाच्या बँडमधून आलेला बासवाला मात्रेच्या किंचित मागे राहतो, ब्लूग्रासवाला मँडोलिनिस्ट पुढे ढकलतो. दोघंही लयीत पक्के असतात, तरीही गाणं ओढल्यासारखं वाटतं. बाकीच्यांना घरी पाठवून दोघांचीच तालीम घ्यावी. १४०ची लय हवी असेल तर मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र) ७०वर लावून त्याचे ठोके दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडू द्यावेत.

मँडोलिनवाला एकल वाजवायला लागला की ठोका बंद पडतो. तो बँजोने किंवा फिडलने उचलायचा असतो. हे आधी ठरलं नसेल तर कुणीच उचलत नाही, किंवा सगळेच उचलतात.

शुक्रवार

भांडणं होतात ती एकल वादनाच्या वाटणीवरून. तीन कडव्यांच्या गाण्यात सुरुवातीचा उठाव धरून तीन-चार जागा मिळतात, वादक चार-पाच. तालमीला येण्याआधी कागदावर लिहून ठेवावं. या गाण्यात बँजो आणि डोब्रो, पुढच्यात फिडल आणि मँडोलिन. कडव्यात भरणीचे तुकडे एका वेळी एकानेच वाजवावेत, ध्रुवपदात कुणीच नाही. नावाजलेल्या वादकाला ही शिस्त अपमानासारखी वाटते. ती पाळली नाही तर शब्द बुडतात, एवढंच.

शनिवार

एकाच मोठ्या कंडेन्सर माइकभोवती उभं राहायची जुनी पद्धत वयस्क बँडला फायद्याची आहे, दिसायला छान म्हणून नव्हे. मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेले स्पीकर) बंद ठेवावे लागतात, नाहीतर शिट्टी येते. मग एकमेकांचं प्रत्यक्ष ऐकावंच लागतं. माइक हनुवटीच्या थोडा खाली. बँजो कायम एक पाऊल मागे, फिडलवाल्याच्या उजव्या कोपराकडची बाजू मोकळी, बास मध्यभागी सर्वांत मागे. एकल वाजवणारा एका बाजूने आत येतो, वाजवून झालेला दुसऱ्या बाजूने बाहेर. ही ये-जा वाद्यांशिवाय, नुसती चालून बसवावी. तालमीत बसून वाजवणाऱ्यांची मंचावर हमखास टक्कर होते.

श्रवणयंत्र असलेल्याने त्यातला संगीताचा प्रोग्रॅम लावून घ्यावा आणि शिट्टी दाबणारी सोय बंद करावी. फिडलचा लांब सूर यंत्राला शिट्टीच वाटते, आणि ते त्यातच ढवळाढवळ करतं.

रविवार

पैसे. समान वाटे करावेत. ध्वनियंत्रणा आणि गाडी ज्याची, त्याला त्याचा वेगळा वाटा. पहिल्या कार्यक्रमाआधी, तोंडी नाही, लिहून.

गाण्यांची यादी करताना एका पट्टीतली दोन-तीन गाणी लागोपाठ घ्यावीत, म्हणजे कापोची अदलाबदल कमी. पण त्यांची लय वेगवेगळी हवी. पाऊण तासाला बारा-तेरा गाणी पुरतात. मध्ये एक गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीत) फक्त गिटार आणि मँडोलिनवर, म्हणजे बँजोवाल्याला निवांतपणे तारा लावता येतात.

आणि प्रत्येक गाण्याची पट्टी, कोणता गळा कोणत्या ओळीवर, कोण कुठे वाजवतो, हे वहीत उतरवून तिन्ही गळ्यांची सुटी रेकॉर्डिंग ठेवावीत. नोकरदारांच्या बँडमधून माणसं जातातच. सेल्डम सीनमधल्या स्टार्लिंगने १९७७ मध्ये बँड सोडला आणि त्याच्या जागी फिल रोझेन्थल आला. नव्या माणसाला दोन तालमींत उभं करायचं तर ही वही लागते.