अर्धा वळसा

आषाढातली सकाळ, साडेसात वाजले होते. फोनवर काका. "हिला शॉक बसला. तू लावलेल्या दिव्याचा. आणि बटण बंद होतं रे."

नारायण पेठेतल्या त्या घराचं वायरिंग पंधरा वर्षं मीच सांभाळतोय. पोचलो तेव्हा काकू आरामखुर्चीत बसल्या होत्या, उजवा हात पदरात धरून. बल्ब सैल करताना स्टुलावरून पाय सुटला होता, पण पलंगावर पडल्या म्हणून निभावलं. मी आधी रिक्षा बोलावली. शॉक बसलेला माणूस "बरी आहे मी" म्हणाला तरी ईसीजी काढून घ्यायचा, हे मी हट्टानं करतो. दहा वाजता परत आलो, ईसीजी चांगला होता. त्यानंतरच मी दिव्याखाली उभा राहिलो.

दोन महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा जर्मनीहून आला होता. येताना चार बल्ब घेऊन आला, मोबाईलवरून मंद-प्रखर करता येणारे. काकूंना रात्री उजेड डोळ्यांत खुपतो, म्हणून मुद्दाम आणलेले. तिकडेही २३० व्होल्टच, त्यामुळे ती अडचण नव्हती. अडचण टोपीची. ते बल्ब आट्याचे, म्हणजे ई २७, आणि घरातले पितळी ब्रॅकेट पिनच्या होल्डरचे, बी २२. ई म्हणजे एडिसन, बी म्हणजे बायोनेट, पुढचा आकडा टोपीचा व्यास मिलिमीटरमध्ये. पिनचे होल्डर आपल्याकडे इंग्रजांनी आणले आणि ते राहिले. मी दुकानातून चार कन्व्हर्टर आणले, खाली पिन, वर आटे. दाबून फिरवले, बल्ब आवळले, बटण दाबलं. चारही लागले. मुलानं तिथल्या तिथे फोटो काढला. मी पैसे घेऊन निघालो.

तपासलं काय होतं मी? बल्ब लागतो की नाही, एवढंच.

आता बटण बंद ठेवून, बल्ब काढून, कन्व्हर्टरच्या आट्यांना टेस्टर लावला. टेस्टर पेटला. बंद बटणावर!

काका निवृत्त शिक्षक, त्यांना अर्धवट उत्तर चालत नाही. त्यांना जवळ बोलावलं. पिनच्या बल्बच्या बुडाला दोन ठिपके असतात. एकावर फेज, म्हणजे वीज आणणारी, शॉक देणारी तार येते, दुसऱ्यावर न्यूट्रल, म्हणजे परतीची तार. कुठला कुठे, यानं त्या बल्बला काही फरक पडत नाही, कारण दोन्ही ठिपके होल्डरच्या आत झाकलेले. आट्याच्या बल्बचं तसं नाही. त्याचा एक संपर्क बुडाच्या मध्यावर आणि दुसरा म्हणजे ती सबंध आट्यांची धातूची टोपी, बल्ब अर्धा सैल केला की बोटाला लागणारी. म्हणून आट्याच्या होल्डरला फेज नेहमी मध्यावर द्यायचा, आट्यांवर न्यूट्रल. हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं.

पण कन्व्हर्टर पिनच्या होल्डरमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो. मेन स्विच पाडून मी तो काढला, अर्धा वळसा फिरवून तसाच परत बसवला, मेन चालू केला, टेस्टर लावला. आटे गप्प. पुन्हा मेन पाडून, उलटा करून दाखवला, टेस्टर पेटला. काका कितीतरी वेळ त्या लाल ठिणगीकडे बघत राहिले. "म्हणजे नशिबावर होतं," ते म्हणाले. मी मान हलवली.

त्यात बटणाची भर. ब्रॅकेटचं ते जुनं बटण न्यूट्रलवर घातलेलं निघालं. कुणी घातलं कोण जाणे, माझ्याही आधीचं काम. बटण न्यूट्रल तोडायचं, दिवा विझायचा, फेज मात्र होल्डरमध्ये तसाच उभा. पिनच्या होल्डरमध्ये हा दोष वर्षानुवर्षं कुणाला जाणवला नाही. कन्व्हर्टरनं तो बाहेर, बोटापर्यंत आणला. कन्व्हर्टरची प्लास्टिकची कड इतकी उथळ होती की बल्ब दोन वळसे सैल होताच आटे उघडे पडत. काकूंचा डावा हात तोल सावरायला ओल धरलेल्या भिंतीवर. घरात किटकॅट फ्यूज, म्हणजे जुना, चिनीमातीतल्या तारेचा. पाच अँपिअरची तार माणसाच्या अंगातून गेलेल्या काही मिलिअँपिअरनं वितळत नसते.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. आधी बटण फेजवर घेतलं. मग चारही कन्व्हर्टर काढून पिशवीत टाकले. पितळी ब्रॅकेटमधले पिनचे होल्डरच काढले आणि तिथे खोल कडेचे, चिनीमातीचे आट्याचे होल्डर बसवले, मध्यावर फेज, ब्रॅकेटला अर्थिंग. याचा आणखी एक फायदा झाला. कन्व्हर्टरमुळे बल्ब इंच-दीड इंच पुढे येऊन काचेबाहेर डोकावत होता, तो आत गेला. शिवाय आडव्या होल्डरमध्ये कन्व्हर्टर आणि बल्ब मिळून स्प्रिंगवर लोंबत होते. एका होल्डरचा ठिपका ठिणग्यांनी काळा पडायला लागलेला दिसला. मेनला तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज अशी भलतीकडे गळताच पुरवठा तोडणारी कळ, बसवली. तिचं चाचणीचं बटण काकूंना स्वतः दाबायला लावलं.

काकांनी मग बैठकीतलं झुंबर दाखवलं, लहान आट्याचं, ई १४. "याला मोठा बल्ब बसवणारा कन्व्हर्टर मिळतो म्हणे?" मिळतो. पण मेणबत्तीच्या आकाराचे ई १४ एलईडी कोपऱ्यावरच्या दुकानात आहेत, तेच आणले. मुलीनं न्यू जर्सीहून आणलेल्या टेबललॅम्पला तर काहीच लागत नव्हतं. तिकडचा होल्डर ई २६, त्यात आपला ई २७ बसतो. होल्डरवर २५० व्होल्ट कोरलेलं होतं. सोबत आलेला १२० व्होल्टचा बल्ब तेवढा बाजूला ठेवायला सांगितला. त्याचा चपटा प्लग कापून आपला प्लग लावला. त्या वायरची एक बाजू रेघारेघांची असते, ती न्यूट्रल. ती एन खुणेच्या पिनला. त्या दिव्याची कळही फक्त एकच तार तोडते, तेव्हा हे उलटं झालं असतं तर पुन्हा तोच प्रकार.

निघताना मी पैसे घेतले नाहीत. काकू रागावल्या. "कामाचे पैसे घ्यायचे," म्हणाल्या. सामानाचे घेतले.

घरी आल्यावर जुनी वही काढली. आणखी कुठे कुठे कन्व्हर्टर लावले होते ते शोधलं. पाच घरं निघाली. जेवण झाकून ठेवायला सांगून रात्री आठला पहिल्या घरी गेलो, शनिवार पेठेत. ताईंनी दार उघडलं. "दिवा चांगला चालू आहे की, तक्रार कुठे केली आम्ही?"

"माहीत आहे ताई," म्हटलं, "तरी एकदा बघू द्या," आणि खिशातून टेस्टर काढला.